निळ्या गाडीचे पुढचे ब्रेक

दसऱ्याच्या सकाळी मी धाकट्या भावाच्या गाडीच्या नव्याकोऱ्या ब्रेकवर तेलात कालवलेल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं. डाव्या चाकात एक, उजव्या चाकात एक. कोरडं कुंकू गाडी हलली की उडून जातं, हे मला माहीत होतं. शिकलेला माणूस आहे मी. म्हणून देव्हाऱ्यातल्या समईच्या वाटीतून दोन थेंब घेतले, कुंकू छान चिकट करून घेतलं आणि चाकाच्या आऱ्यांमधून बोट घालून त्या चकचकीत डिस्कवर अंगठ्याएवढी, अगदी रेखीव स्वस्तिकं काढली. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती. तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत पकडतात आणि त्या घासण्यावरच गाडी थांबते. आता यात आणखी सांगायचं ते एवढंच, की लातुरातल्या एका क्लासमध्ये मी वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो आणि घर्षण हा माझा हातखंडा विषय आहे.

चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, बॉनेटवर झेंडूचा हार टाकला. भाऊ गाडीत बसला. माझ्या बायकोने ओवाळलं, लिंबं फुटली, गाडी फाटकापर्यंत आली आणि तिथून थांबायच्या ऐवजी शांतपणे रस्ता ओलांडून समोरच्यांच्या फाटकाला जाऊन टेकली. लागलं कुणालाच नाही. फाटकावरचं तोरण तेवढं गळून पडलं. समोरच्या काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "सोनं द्यायला गाडीतनंच आलात की हो!"

भाऊ खाली उतरला. चाकाशी वाकला, डिस्कला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. मग माझ्याकडे बघितलं.

"दादा, तेल लावलास?"

"दोनच थेंब. कुंकू धरावं म्हणून."

"ब्रेकला? तेल?"

त्यानंतर तो जो हसला, तसा मी त्याला कित्येक महिन्यांत हसलेला पाहिला नव्हता. फाटकाला धरून हसला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. मला वाटलं, माझी फजिती बघून हसतोय. तो का हसत होता, हे कळायला मला पुढे आठ दिवस लागले.

आता थोडं मागचं सांगतो.

आमचं गाव भूकंपात गेलं तेव्हा मी नांदेडला खोली घेऊन शिकत होतो आणि हा अकरा वर्षांचा होता. गणपतीला मी गावी आलो होतो. परत निघताना हा माझ्या पिशवीला धरून बसला, "मलाबी ने. मला नांदेडची मोठी गॅरेजं बघायचीत." मी म्हटलं, दिवाळीला नेतो, आणि एकटाच नांदेडला गेलो. विसर्जन झालं, गाव दमून झोपलं आणि पहाटे दगडमातीची घरं खाली आली. आई-वडील गेले. याला दुसऱ्या दिवशी दुपारी काढला. उजवा पाय गुडघ्याखाली दगडाखाली होता. पाय राहिला, पण त्याच्यातलं काहीतरी राहिलं नाही. तेव्हापासून तो पाय ओढत चालतो. दिवाळीला नेतो, असं मी त्यानंतर कुणालाच कधी म्हटलेलं नाही. बायको विचारते, दिवाळीला कुठे जायचं? मी म्हणतो, आत्ताच जाऊ.

भूकंपानंतर आमच्या जिल्ह्यात पत्र्याची घरं उगवली आणि लातूर शहरात क्लासेस उगवले. पत्र्याची घरं पुढे पक्की झाली, क्लासेस मात्र उगवतच राहिले. मी त्यातल्याच एका पिकात उभा राहिलो, कॉलरला माईक लावून, तीनशे पोरांसमोर. भाऊ आमच्याकडेच वाढला. त्याने पोरांना सोडायला येणाऱ्या पालकांच्या गाड्यांना सीट कव्हर, हॉर्न आणि दिवे बसवायचं दुकान टाकलं. बरं चाललं. लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, "आधी गाडी घेऊ दे." आम्हाला वाटायचं, टाळतोय. पण त्याने खरंच घेतली. एका डॉक्टरांच्या मुलाने हौसेने घेतलेली, टर्बो इंजिनची, निळी, जमिनीला पोट लागेल अशी बसकी गाडी. मुलगा परदेशी गेला, गाडी याच्याकडे आली.

त्या गाडीत मी पहिल्यांदा बसलो तेव्हा आम्ही चाकूरच्या पुढे होतो, तो मोकळ्या रस्त्यावर होता आणि मी रामरक्षेवर होतो. त्याने वेग कमी केला आणि अगदी सहज, रस्त्याकडे बघत म्हणाला, "दादा, जगात ही एकच जागा हाय जिथं मी लंगडत न्हाई."

तेव्हापासून ती गाडी माझ्यासाठी गाडी राहिली नाही.

पाचेक वर्षांनी, त्या दसऱ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, त्याने पहिल्यांदा तक्रार केली. ब्रेक लागत नाहीत म्हणे. दाबतो, पण गाडी उशिरा थांबते. इंजिनाची ताकद वाढवून घेतलेली गाडी, ब्रेक मात्र कंपनीचे, साधे; ते कमी पडणारच, असं त्याचं म्हणणं. मला ते एकदम पटलं. कारण त्यात मला फळ्यावर लिहिण्यासारखं काहीतरी दिसलं.

मग आमचे रविवार सुरू झाले. जेवणं झाली की टेबलावर वही उघडायची. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून थांबवायचं बहुतेक काम पुढचीच चाकं करतात. तेव्हा बदलायचे ते पुढचेच ब्रेक, इथपर्यंत आमचं एकमत. पुढे मात्र रस्ते फुटत होते. नुसते चांगले पॅड घालायचे? की मोठी डिस्क? डिस्क मोठी तर पकड चाकाच्या मध्यापासून लांब बसते, लांब दांड्याच्या पान्यासारखी. कमी जोरात जास्त काम. पण मोठी डिस्क जुन्या चाकात मावत नाही, मग चाकंही मोठी. भोकं पाडलेली डिस्क घ्यायची की चरे पाडलेली? कॅलिपर, म्हणजे पॅडना दाबणारा तो चिमटा, एका पिस्टनचा ठेवायचा की चार पिस्टनचा? भाऊ मोबाईलवर फोटो दाखवायचा, मी सूत्रं मांडायचो. बायको टेबल पुसायला यायची आणि वहीच्या भोवतीने पुसून जायची.

"भावजी, तुमची चप्पल," ती एकदा म्हणाली.

त्याची उजव्या पायातली चप्पल स्वयंपाकघराच्या दारात राहिली होती आणि तो टेबलापर्यंत आला होता. त्याला कळलंच नव्हतं. रात्री झोपताना ती मला म्हणाली, "महिनाभर बघतेय. त्यांच्या पायातून चप्पल निसटते नि त्यांना पत्ता नसतो. पाय दाखवा डॉक्टरला." मी म्हटलं, "चप्पल मोठी असेल." आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून त्याला एक नंबर लहान चप्पल आणून दिली. घर्षणाचा मास्तर!

माझ्या वहीत ते सगळं गणित अजून आहे. डिस्कची त्रिज्या, पिस्टनचं क्षेत्रफळ, पॅडची पकड, सगळं बदलून बदलून मांडलेलं. आणि पहिल्या ओळीत, जसं मी पोरांना शिकवतो तसं, लिहिलेलं आहे: पायाचा जोर स्थिर आहे असे मानू.

नांदेडला एक मिस्त्री होते. उस्ताद म्हणायचे सगळे. साठीचे, दाढी मेंदीने रंगवलेली, बोलणं दखनी. लातूरहून लोक त्यांच्याकडे गाडी घेऊन जायचे, कारण ते नको ते सांगायचे. म्हणजे, 'नको' हे सांगायचे. आम्ही आमची वही घेऊन गेलो. त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही. भावाला गाडी सुरू करायला लावली, वाकून पेडल हाताने दाबून बघितलं, खालच्या नळ्या तपासल्या आणि म्हणाले, "ब्रेक में कुछ नुक्स नई है. ऑइल बदलो, अच्छे पॅड डालो. बस. रोड की गाडी है, रेस की नई."

"उस्ताद, लागत नाहीत ब्रेक. चार पिस्टनचेच टाकू."

"रेस के पॅड मत लेना. थंडे में पकडतेच नई वो, गरम होना पडता."

"रस्त्याचेच घेऊ. पण डिस्क मोठी. कमी दाबात लागले पाहिजेत."

उस्तादांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. "कम दाब में कैको? पाँव कैसा है तुमारा?"

"पाय ठीक हाय."

"ठीक है तो ठीक है," उस्ताद म्हणाले आणि पान्याला हात घातला.

माल यायला महिना लागला. लाल रंगाचे चार पिस्टनचे कॅलिपर, चरे पाडलेल्या मोठ्या डिस्क, पोलादी जाळीच्या नळ्या. भाऊ खोकं उघडून डिस्क मांडीवर घेऊन बसला होता, आई बाळाला घेऊन बसते तसा. उस्तादांनी बसवून दिले आणि बजावलं, पॅड डिस्कवर बसू द्या. मोकळ्या रस्त्यावर जोरात जायचं, ब्रेक दाबून हळू व्हायचं, पुरतं थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा. ते त्याने लातूरच्या रस्त्यावर मनापासून केलं. घरी आल्यावर मी विचारलं, "कसे?" तो म्हणाला, "बरे हायत. अजून बसायचेत." तीन-चार दिवस तेच. बरे हायत, अजून बसायचेत.

आणि मग आला दसरा, आणि माझी स्वस्तिकं.

आता तुम्हाला कळलं असेल, तो फाटकाला धरून का हसत होता. त्याला कारण सापडलं होतं. ब्रेक लागत नव्हते, कारण दादाने तेल लावलं होतं. आधीचे चार दिवस तो सोयीने विसरला. त्या दिवशी भेटेल त्याला त्याने ही गोष्ट सांगितली. "आमचा दादा भौतिकशास्त्राचा! ब्रेकला हळद-कुंकू!" दुकानात सांगितली, समोरच्या काकूंना दोनदा सांगितली. मी जाईन तिथे लोक विचारायचे, सर, सायलेन्सरला अत्तर लावलंत का? मला राग आला नाही. त्याचा चेहरा इतका मोकळा झाला होता, की त्यासाठी मी इंजिनात तूप ओतलं असतं.

आठ दिवसांनी आम्ही हळूहळू नांदेडला गेलो. बायको बरोबर होती; तिचं माहेर उमरीचं, तिथे तिला पुढे जायचं होतं. उस्तादांनी चाक उतरवलं, तेल प्यायलेले काळे पॅड हातात घेतले आणि मला विचारलं, "सर, आप किये?"

"हो."

"नींबू नीचे रखे थे ना?"

"हो."

"फिर ऊपर तेल कैको?"

डिस्क पुसून साफ झाल्या, पण पॅड टाकून द्यावे लागले. नवे घातले. उस्ताद म्हणाले, आता इथेच बघून जा, परत यायचं काम नको. शहराबाहेर प्लॉट पाडलेली पण अजून एकही घर न उठलेली जागा होती, मधून रुंद डांबरी रस्ता. आधी आठ-दहा वेळा ब्रेक दाबून पॅड बसवून झाले. मग उस्तादांनी पिशवीतून फक्की काढली, कबड्डीच्या मैदानावर टाकतात ती पांढरी पूड, आणि रस्त्यावर आडवी रेष ओढली. साठच्या वेगाने यायचं आणि चाक रेषेवर आलं की ब्रेक दाबायचा. मी आणि उस्ताद रेषेच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला थांबलो. बायको छत्री घेऊन जरा मागे.

भाऊ आला. रेषेवरून गेला. तसाच पुढे गेला. मग थांबला, झटक्यात, नाक खाली करून. पण कुठे? पार पुढच्या विजेच्या खांबाजवळ.

"अजून लांब जातीय," तो उतरून म्हणाला. "अजून मोठ्या डिस्क घ्यायला पाहिजे होत्या, दादा."

पुन्हा केलं. पुन्हा खांब. तिसऱ्यांदा उस्ताद माझ्या कानाशी आले. "सर, पीछे की बत्ती देखो."

मी बघितलं. ब्रेकच्या पेडलला पाय टेकला की मागचे लाल दिवे लागतात. गाडी रेषेवरून गेली, दिवे लागले नाहीत. आणखी पुढे गेली, लागले नाहीत. मग लागले, आणि लागल्याबरोबर गाडी जागच्या जागी बसली. ब्रेक उत्तम होते. पाय उशिरा येत होता. साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. हे मी दरवर्षी शिकवतो, आणि खाली टीप देतो, चालकाच्या प्रतिसादाचा वेळ शून्य मानला आहे.

"बल्ब लूज असेल," मी म्हटलं.

उस्ताद म्हणाले, "बल्ब कू क्या होना है, सर?"

आम्ही दोघेही गप्प राहिलो. राहिलोच असतो. कदाचित आणखी मोठ्या डिस्क मागवल्या असत्या, आणखी एक महिना मिळाला असता. पण भाऊ वैतागला होता आणि बायकोला त्याचं वाईट वाटलं. तिला आम्ही काय बघितलं ते माहीत नव्हतं. ती रोज लातूरहून चाकूरला शाळेत आमची छोटी गाडी घेऊन जाते. मला गाडी येत नाही. क्लचचं सूत्र येतं. तर ती म्हणाली, "भावजी, तुम्ही बाहेरून बघा बरं एकदा. आतून कळत नसेल. मी चालवते. लागत असतील चांगले, तुम्हालाच उगीच वाटत असेल."

"या की वहिनी," तो म्हणाला. "बघा तुम्हीच. मग दादाला सांगा."

मला तिला थांबवायचं होतं. काय म्हणून थांबवणार होतो?

भाऊ आमच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्या गाडीला चालताना बाहेरून बघायची ही त्याची पहिलीच वेळ. ती दुरून येताना दिसली तेव्हा हळूच म्हणाला, "लई भारी दिसती रे."

निळी गाडी रेषेवर आली, आणि रेषेवरच मागचे दिवे लाल झाले. टायर किंचाळले. रेषेच्या जराच पुढे ती थांबलेली होती. तिच्या आणि त्या खांबाच्या मध्ये मोकळा रस्ता पडला होता, लांबच्या लांब.

बायको काच खाली करून ओरडली, "अहो, काय ब्रेक आहेत! डोकं आपटलं असतं माझं! भावजी, बघितलंत?"

भाऊ म्हणाला, "हाव. बघितलं."

मग तो रेषेकडे चालत गेला. आम्ही कुणीच गेलो नाही. रेषेवर उभा राहून त्याने खांबाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. आणि पायाने फक्की पुसायला लागला. या कडेपासून त्या कडेपर्यंत, सावकाश. उजवा पाय तसाही घासतच जातो त्याचा. रेष चांगली पुसली गेली.

उस्ताद म्हणाले, हाताने ब्रेक-ॲक्सिलरेटर चालवायची सोय करता येते, मी करून देतो, पुष्कळ लोक चालवतात. भाऊ म्हणाला, "मग ती गाडी न्हाई राहत, उस्ताद. कुबडी होती." मग जरा थांबून, "बघू." बघू म्हणजे काय, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मीच त्याला शिकवलेला शब्द.

उमरीचा बेत कुणी काढला नाही. बायको गाडीपाशी चावी घेऊन उभी होती, त्याने घ्यावी म्हणून हात पुढे केलेला. तो मागचं दार उघडून बसला. "चला वहिनी. तुम्हीच चला." एवढ्या वेळात तिच्याही लक्षात आलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी झाडांकडे. प्लॉटमध्ये झाडं नव्हती.

लातूरपर्यंत तिने पन्नाशीच्या वर गाडी नेली नाही. एवढी ताकदीची गाडी, मागून ट्रॅक्टर हॉर्न द्यायला लागले. चाकूरच्या अलीकडे रस्त्यात म्हैस आली. गाडी अलगद थांबली. मागून तो म्हणाला, "ब्रेक चांगले निवडले, दादा." मी हो म्हटलं. मला मागे वळून बघता आलं नाही.

नंतर डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. जुन्या दुखापतीतली नस आता वयाबरोबर साथ सोडतेय, असं काहीसं सांगितलं. व्यायाम दिला, पायाला आधाराचा पट्टा दिला. त्याने तो बांधला, चालणं थोडं सुधारलं. गाडी घरासमोर कापड घालून उभी आहे. रविवारी तो कापड काढतो, आत बसून इंजिन सुरू करतो, दहा मिनिटं तसाच बसतो. पुढच्या चाकांच्या आऱ्यांमधून ते लाल कॅलिपर दिसतात. दसऱ्याला मी आता फक्त बॉनेटवर हार टाकतो.

पण मला सांगायचं होतं ते त्या संध्याकाळचं. नांदेडहून आलो, भाऊ त्याच्या खोलीत गेला. मी स्वयंपाकघरात पाट ओढून बसलो. बायकोने कणीक मळायला घेतली होती, पण हात परातीत तसेच ठेवून ती बसून राहिली. मग म्हणाली,

"अहो, मी जरा उशिरा दाबला असता ब्रेक, तर कुणाचं काय बिघडलं असतं?"